पाणलोटाच्या संस्थेत इंजिनिअर सोडून बाकीची माणसं काय करतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण (एमएसडब्ल्यू) झालंय, दुष्काळी तालुक्यातल्या एका लहान पाणलोट संस्थेत समाज संघटकाची नोकरी चालून आली आहे, आणि घरचे म्हणतात, चर खणायचे नि बांध घालायचे हे इंजिनिअरचं काम, तिथे तू काय करणार? शिवाय संस्था बरी की नाही हे रुजू होण्याआधी कसं ओळखायचं, असंही तुम्ही विचारलंय. मी या क्षेत्रात संघटिका म्हणूनच आले आणि आता कार्यक्रमाची जबाबदारी सांभाळते, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी कामाच्या मुळाशी असलेली गोष्ट सांगते, म्हणजे कोण काय करतं ते आपोआप कळेल. पाणलोटाचं काम, म्हणजे उतारावर पावसाचं पाणी अडवून मुरवणं, माथ्यापासून पायथ्याकडे करायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण माथ्यावरची हलकी, मुरमाड रानं बहुतेक गावांत गरिबांकडे असतात आणि ओढ्याकाठची काळी जमीन, विहिरी आणि मोटारी बऱ्या परिस्थितीच्या घरांकडे. चर पडतो एकाच्या रानात आणि पाणी वाढतं दुसऱ्याच्या विहिरीला. वरच्याने जमिनीची पट्टी सोडायची, गुरं-शेळ्यांचं रान सोडायचं, आणि फायदा दोन पावसाळ्यांनी खाली दिसायचा. हा व्यवहार गावात सगळ्यांना दिसेल असा, आणि वरच्यालाही पटेल असा जुळवून आणणं, यासाठी संस्था असते. इंजिनिअरपासून हिशेब बघणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचं काम मी याच मापाने बघते.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात नायगावला काम करू लागले. ते स्वतः इंजिनिअर आणि कारखानदार. पण त्यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीची ओळख झाली ती तिच्या नियमांमुळे. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचं, माणशी अर्धा एकर, पाच माणसांच्या घराला अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. बंधारा बांधणारे तेव्हाही पुष्कळ होते. वाटणीचा प्रश्न बांधकामाच्या आधी टेबलावर आणणारे फार थोडे होते.

आता इंजिनिअर. तो लागतोच, आणि चांगला लागतो. सलग समतल चर, ज्याला गावात सगळे सीसीटीच म्हणतात, तो नावाप्रमाणे समतलच हवा. थोडा जरी ढाळात गेला तरी पाणी चरात थांबून मुरण्याऐवजी एका टोकाला धावतं, तिथला भराव फोडतं आणि खालच्या ओळी एकामागून एक फुटत जातात. एका वळवाच्या पावसात अख्ख्या उताराचं काम मातीला मिळालेलं मी पाहिलंय. म्हणून ए-फ्रेम किंवा नळीची लेव्हल घेऊन आखणी करणारा माणूस चिकट स्वभावाचा असावा लागतो. ए-फ्रेम म्हणजे तीन काठ्या आणि मधे दोरीला लटकवलेला ओळंबा. दोरी आडव्या काठीवरच्या खुणेवर स्थिर झाली की दोन्ही पाय एका पातळीत. मग एक पाय रोवून दुसरा फिरवायचा, पुन्हा ओळंबा थांबेपर्यंत थांबायचं, खुणेची काडी रोवायची, मागून फक्कीची रेघ. वारा असला की ओळंबा हलत राहतो आणि माणसं कंटाळतात. इथे घाई करणारा इंजिनिअर महागात पडतो. हे काम गावातली सातवी-आठवी शिकलेली मुलं-मुली उत्तम करतात. बऱ्याच गावांत आखणीचा सगळा गट बायकांचाच असतो. चांगला इंजिनिअर हे कसब त्यांच्या हातात देऊन मोकळा होतो.

त्याच्या कामाचं प्रमाण समजावं म्हणून एक हिशेब सांगते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. १००० हेक्टरच्या शिवारात ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर ५०० कोटी लिटर. हा आकडा पहिल्याच ग्रामसभेत फळ्यावर मांडला की लोक सरसावून बसतात, कारण 'आमच्याकडे पाऊसच नाही' हे वाक्य तोपर्यंत सगळ्यांनी दहा वेळा म्हटलेलं असतं. पण लगेच पुढचा प्रश्न येतो, यातलं माझं किती? तिथे इंजिनिअरचं उत्तर संपतं आणि तुमचं काम सुरू होतं.

या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा म्हणजे नेट प्लॅनिंग. १९९२च्या सुमारास महाराष्ट्रात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम प्रत्यक्षात सुरू झाला. हर्मन बाकर हे जेसुइट पंथाचे ख्रिस्ती धर्मगुरू त्यामागे होते, पैसा जर्मन सरकारचा आणि व्यवस्थापन नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेचं. त्या कार्यक्रमाने गटवार नियोजनाची ही पद्धत रुळवली. नकाशावर रेघा ओढून आराखडा करायचा नाही. प्रत्येक गट नंबरात जायचं, मालक आणि मालकीण दोघांना घेऊन, आणि रानात उभं राहून ठरवायचं.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते बघा. इंजिनिअर उतार मोजतो, कुदळीने खड्डा घेऊन मातीची खोली बघतो, सध्या काय पिकतं ते लिहितो. नवरा म्हणतो, बांध खालच्या हद्दीवर घाला, मधोमध नको, औत वळवायला अडचण होते आणि जमीन जाते. बायको इतका वेळ गप्प असते. तिला वेगळं विचारलं की म्हणते, तो कोपरा मोडू नका, शेळ्यांचा पाला तिथूनच येतो. मग निघतं की सातबाऱ्यावर तीन भावांची नावं आहेत, एक पुण्याला हमाली करतो, दुसऱ्याशी बोलणं बंद आहे. सही कोणाची घ्यायची? खालच्या रानाचा मालक तेवढ्यात येऊन सांगतो की बांधावरून सांडणारं पाणी माझ्या रानात सोडाल तर मी काम होऊ देणार नाही. इंजिनिअरच्या तक्त्यात या सगळ्याला रकानाच नसतो. त्याच्या तक्त्यात 'ढाळीचा बांध, अमुक मीटर' एवढंच येतं. बाकी सगळं संघटकाच्या वहीत येतं, आणि काम अडतं तेव्हा तीच वही उघडावी लागते.

यात एक वेळेचं गणित आहे. ते बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांच्या लक्षात येत नाही. बीड, पाथर्डी, आष्टी या पट्ट्यात माथ्यावरची कितीतरी घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात ती गुढीपाडव्याच्या मागेपुढे परततात. पाणलोटाच्या कामाचा हंगामही नेमका तोच, कारण पावसाळ्यात खणता येत नाही आणि उभं पीक असताना रानात शिरता येत नाही. म्हणजे ज्यांच्या जमिनीबद्दल ठरवायचं, तेच ठरवण्याच्या वेळी गावात नसतात. नेट प्लॅनिंग दसऱ्याच्या आत उरकायचं, की पुढच्या वर्षावर ढकलायचं, की मुकादमाकडून कारखान्याचा पत्ता घेऊन तळावर जाऊन बोलायचं, हे संघटकाने ठरवायचं असतं. 'मालक गैरहजर, शेजाऱ्याची संमती घेतली' असा शेरा मारून पुढे जाणारी संस्था दोन वर्षांनी त्याच बांधावर भांडण मिटवत बसलेली असते.

आता चराईबंदी. तुमच्या कामातला हा सगळ्यात अवघड भाग असेल, म्हणून इथे थोडी थांबते. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी या अटी राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारमुळे राज्यभर माहीत झाल्या, आणि त्या योग्यच आहेत. नवीन चरांवर, कोवळ्या रोपांवर गुरं फिरली तर काही उरत नाही. पण ग्रामसभेत हात वर करून ठराव होतो तेव्हा हात कोणाचे वर होतात ते नीट बघा. ज्यांच्या घरी चार शेळ्या आणि शून्य जमीन आहे, त्या बायका बहुधा सभेला आलेल्याच नसतात. गावाबाहेरून दरवर्षी येणारे मेंढपाळ तर सभेचे मतदारही नाहीत. ठराव एकमताने झाला असं इतिवृत्तात लिहिलं जातं आणि तिसऱ्या आठवड्यात रात्री डोंगरावर शेळ्या सुटतात. मग गावाची पाणलोट समिती दंड करते, दंड झालेल्या घराचा राग सगळ्या कामावर निघतो आणि उन्हाळ्यात कोणीतरी गवताला काडी लावतं.

संघटक घरोघरी आधी जाऊन आलेला असेल तर हेच वेगळं होतं. डोंगराचे भाग पाडायचे, एका वर्षी एक भाग बंद, दुसरा खुला. बंद भागातलं गवत कापून न्यायला मुभा, आणि पहिली कापणी बिनजमिनीच्या शेळीवाल्या घरांची. चराच्या मजुरीत त्याच घरांना आधी काम. मेंढपाळांना ते गावात येण्याच्या आधी गाठून वाट आणि मुक्कामाची जागा ठरवायची, त्यांच्या मेंढ्या रानात बसल्या तर खत मिळतं हे शेतकऱ्यालाही हवंच असतं. या बोलण्यात महिने जातात. निधी देणाऱ्याला अहवालात दाखवायला काहीच नसतं, एक मीटरही चर खणलेला नसतो. तरीही हे महिने वाया गेले असं मला कधी वाटलं नाही. ज्या गावांत ते दिले नाहीत, तिथे पुढची सगळी वर्षं निस्तरण्यात जातात.

गावपातळीवरचा जलसेवक किंवा जलसेविका, काही ठिकाणी पाणलोट सेवक म्हणतात, ही संस्थेतली सगळ्यात कमी मानधनाची जागा. माझ्या मते सगळ्यात मोलाची जागा तीच. हा गावातलाच तरुण असतो. मजुरांची हजेरी, मोजमाप, पावसाची नोंद, विहिरींची पातळी हे सगळं त्याच्याकडे. विहीर मोजणं सोपं वाटतं. वजन बांधलेला टेप सोडायचा आणि आकडा लिहायचा. पण काठावरची जागा दरवेळी तीच हवी, म्हणून एका दगडावर रंगाची खूण करून ठेवतात. पहाटे मोटारी सुरू व्हायच्या आत मोजायला हवं, नाहीतर उपशाने खाली गेलेली पातळी लिहिली जाते. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा ४ वेळा मोजते. गावाला स्वतःचा निर्णय घ्यायला तेवढ्याने भागत नाही, तिथे दर महिन्याची नोंद लागते.

या नोंदी कशासाठी? महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्ट या काळ्या अग्निजन्य खडकावर बसलाय, आणि हा खडक पाणी साठवण्यात कंजूष आहे. मुरूम, भेगाळ खडक किंवा मांजऱ्या (छिद्राळ खडक) लागला तर पाणी, काळा पाषाण लागला तर कोरडं. दोन टक्के पोकळी धरली तर एका हेक्टरखाली पाण्याची पातळी एक मीटर चढली म्हणजे साठा वाढला फक्त २०० घनमीटर. आणि उसाला पाटपाण्यावर हेक्टरी २० हजार घनमीटरहून जास्त पाणी लागतं. पहिल्या चांगल्या पावसाळ्यानंतर विहिरी तुडुंब दिसतात, गावात आनंद होतो, आणि पायथ्याचे दोघे-तिघे उसाची बेणं आणायला निघतात. तेव्हा ग्रामसभेत उभं राहून, वहीतले आकडे वाचून, हे पाणी मार्चपर्यंत पुरणार नाही असं सांगणारा पोरगा गावचाच असावा लागतो. आमच्यासारख्या बाहेरच्या बाईने सांगितलं तर लोक ऐकून घेतात, चहा देतात आणि ऊस लावतात. हिवरे बाजारमध्ये तेव्हाचे सरपंच पोपटराव पवार यांनी पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची आणि शेतीसाठी बोअर घ्यायची नाही ही शिस्त बसवली, ती अशाच नोंदींच्या जोरावर टिकली.

कायदाही आहे. महाराष्ट्राचा २००९चा भूजल अधिनियम ६० मीटरहून खोल विहिरींना आडकाठी करतो. पण बोअरची गाडी रात्री येते, आणि सकाळपर्यंत काम झालेलं असतं. ती गाडी शिवेवर थांबवायची की नाही, हे त्या रात्री जे जागे असतील त्यांच्यावर असतं. जलसेवकाला इथे एकटं पाडायचं नाही. गाडी ज्याने बोलावली तो बहुधा गावातला वजनदार माणूस असतो, आणि जलसेवकाला त्याच गावात राहायचंय. समितीने निरोप द्यायचा, संस्थेने सोबत उभं राहायचं.

हिशेब बघणाऱ्याकडे नवीन मुलं दुर्लक्ष करतात. करू नका. आठवड्याची मजुरी वेळेवर मिळाली नाही तर तुमची सहा महिन्यांची ओळख एका बाजाराच्या दिवशी संपते. मोजमाप, हजेरीपत्रक, समितीचा ठराव, बँकेत समिती आणि संस्था यांच्या संयुक्त सह्या, हे सगळं जुळल्याशिवाय पैसे निघत नाहीत. त्यामुळे तुमची मोजमापाची वही शनिवारऐवजी सोमवारी पोचली तर मजूर उपाशी बसतो. शिवाय लहान संस्थांवरचं कागदाचं ओझं वाढतच चाललंय. धर्मादाय आयुक्तांकडचे हिशेब, आयकराच्या नोंदणीची नूतनीकरणं, आणि परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर असा निधी एका संस्थेने दुसरीला देणं बंदच झालंय, त्यातून प्रशासनावर करायच्या खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आणलीय. मोठ्या संस्थेमार्फत ज्यांना असा निधी यायचा, अशा तालुक्यातल्या छोट्या संस्थांचे पगार त्याने थेट कापले गेले. तुम्ही ज्या संस्थेत जाताय तिथेही हा ताण दिसण्याची शक्यता आहे.

संस्थाप्रमुखाचं काम म्हणजे भाषणं आणि पुरस्कार, असं लोकांना वाटतं. खरं काम पैसे मिळवणं आणि काही पैसे नाकारणं. २०१३च्या कंपनी कायद्यानंतर सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा निधी गावापर्यंत पोचू लागला, ही चांगली गोष्ट झाली. पण तो बहुधा एका वर्षासाठी येतो, आणि त्याला पायथ्याचा सिमेंट बंधारा हवा असतो, कारण त्यावर पाटी लावता येते आणि पाण्यासकट फोटो निघतो. माथ्यावरच्या चराला पाटी लावायला कोणी येत नाही. वरचं काम न करता खाली बंधारा बांधला तर तो गाळाने भरतो आणि फायदाही पुन्हा खालच्यांनाच. अशा वेळी 'आधी वरची दोन वर्षं द्या, मग बंधारा' असं म्हणायची हिंमत ज्या प्रमुखात आहे, तिच्या किंवा त्याच्या हाताखाली काम करायला मिळणं हे भाग्य समजा. सरकारी योजनांचं चित्रही फार वेगळं नाही. २००८च्या केंद्राच्या सामाईक मार्गदर्शक सूचनांत संस्थाबांधणी आणि प्रशिक्षण यांना मिळून खर्चाचे ५ टक्के होते. वर सांगितलेली बहुतेक कामं त्या ५ टक्क्यांत बसवायची.

म्हणून घरच्यांना सांगा, इंजिनिअर आखतो ते रानात टिकवण्यासाठी संघटक लागतो. पगार कमी असेल, मोटारसायकलवर पाठ दुखेल, सभा रात्री असतात त्यामुळे घरी वेळेवर पोचणार नाही. तुम्ही मुलगी असाल तर रात्रीच्या सभेनंतर परतायची किंवा गावात राहायची सोय संस्थेने काय केली आहे हे स्पष्ट विचारा. विचारायला संकोचू नका. ज्या संस्थेत बायका वर्षानुवर्षं काम करतात तिथे याचं उत्तर तयार असतं.

आणि संस्था ओळखायची कशी? मुलाखतीला बोलावलं की त्यांनी काम संपवून तीन-चार वर्षं झालेलं एक गाव बघायचंय असं सांगा. चालू कामाचं गाव नको, तिथे सगळं ताजं असतं. त्या गावात बंधाऱ्यावर नेतील, तिथे थोडं थांबा आणि मग माथ्याकडे न्यायला सांगा. चर गाळाने भरलेत का, कोणी उपसतं का, गवत कापायचा हक्क आता कोणाकडे आहे, ते वरच्या वस्तीवरच्या घरांना विचारा. देखभाल निधीचं पासबुक समितीच्या सचिवाकडे मागा आणि शेवटची नोंद कधीची आहे ते बघा. जुना जलसेवक आता काय करतो, संस्थेचं त्याच्याशी बोलणं आहे का, हेही विचारा. संस्थेतला माणूस तुम्हाला वर न्यायला टाळाटाळ करत असेल, किंवा त्याला वरच्या वस्तीवरच्या एकाही घराचं नाव माहीत नसेल, तर दुसरी नोकरी शोधा. वरच्या बाईने त्याला नावाने हाक मारून ओसरीवर बसवलं आणि बसवल्या बसवल्या एखादी तक्रारही केली, तर रुजू व्हा. जमल्यास पावसाळ्याच्या तोंडावर रुजू व्हा, म्हणजे पहिल्या मोठ्या पावसात शिवार फिरता येईल. पाणी कुठून कुठे जातं आणि वाटेत कोणाचं रान कापतं हे एकदा पायी फिरून पाहिलंत, की दसऱ्याआधीचं नेट प्लॅनिंग तुम्हाला पुष्कळ सोपं जाईल.